एअर सस्पेन्शनची गाडी रात्रीतून बसते : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कॉइल टाकायचा विचार कधी करायचा

संध्याकाळी सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका चाकावर बसलेली दिसते. सुरू केली की घरघर करत मिनिटभरात वर येते, दिवसभर कसलीही तक्रार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. एअर सस्पेन्शन असलेल्या, म्हणजे लोखंडी कॉइल स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर उभ्या राहणाऱ्या डिस्कव्हरी ३, डिस्कव्हरी ४, रेंज रोव्हर स्पोर्ट, ग्रँड चेरोकी अशा वय झालेल्या गाड्या घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात नव्या कॉम्प्रेसरचं (बॅगांत हवा भरणाऱ्या पंपाचं) कोटेशन असतं. नाहीतर कुणीतरी सांगितलेलं असतं, 'दादा, कटकट नको, चारही कॉइल टाकून मोकळे व्हा.'

दोन्हीची घाई करू नका. कॉम्प्रेसर सहसा आपणहून जात नाही, गळती त्याला मारते. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. आणि कॉइलवर जाणं ही दुरुस्ती नव्हे, तो गाडीचा स्वभाव बदलण्याचा निर्णय आहे. तो गळती कुठे आहे हे कळल्यावर घ्यायचा.

आधी लक्षणं

एकच कोपरा खाली जातो आणि गाडी सुरू केल्यावर वर येतो: त्या कोपऱ्यातली एअर बॅग, किंवा तिला येणाऱ्या पाइपचा जोड. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच.

पुढची किंवा मागची दोन्ही चाकं जोडीने खाली: त्या बाजूच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर (बॅगांकडे जाणारी हवा उघडबंद करणाऱ्या भागावर) संशय घ्या. दोन्ही बॅगा एकाच सुमारास आणि एकाच वेगाने गळायला लागणं क्वचितच घडतं.

चारही कोपरे खाली: इथे गाडी तुम्हाला फसवत असू शकते. कसं, ते पुढे येतंच.

कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळ आणि वारंवार चालतोय: गळती भरून काढण्यात त्याचा दम जातोय. यानंतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि 'नॉर्मल हाइट ओन्ली' असा संदेश येतो. त्याच्याही पुढची पायरी लाल दिवा आणि ताशी ५० किमीची मर्यादा.

गाडी उठत नाही आणि कॉम्प्रेसरचा आवाजही नाही: फ्यूज, रिले (कॉम्प्रेसरला वीज देणारा स्विच), बॅटरी, किंवा तापून स्वतःला बंद करून घेतलेला कॉम्प्रेसर.

एक कोपरा कायम चुकीच्या उंचीवर, पण रात्रीतून आकडा बदलत नाही: हवेचा संबंध कमी, हाइट सेन्सरचा जास्त.

आणि गाडी मुळात कॉइल स्प्रिंगची असेल तर खूण सोपी आहे. संध्याकाळी मोजा, सकाळी मोजा, आकडा तोच येतो. कॉइल रात्रीतून बसत नाही, वर्षानुवर्षं वजन वाहून बसते. त्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

एक गोष्ट बिघाड समजू नका. दुपारी ३५ अंशांत उभी केलेली गाडी पहाटे १५ अंशांत पाहिली तर बॅगेतली हवा आकसून तिचं आकारमान साधारण ६ टक्क्यांनी कमी झालेलं असतं. चारही कोपरे सारखेच ५ ते १० मिमी उतरले असतील तर ती थंडी आहे. महाबळेश्वरला डिसेंबरात मुक्काम केलात तर हे दिसणारच.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सुरुवात बॅटरीपासून. ऐकायला विचित्र वाटतं, पण व्होल्टेज पडलं की सस्पेन्शनचा कंट्रोलर सगळ्यात आधी कुरकुरतो आणि कॉम्प्रेसरला मनाई करतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. बॅटरी बदलल्यावर सस्पेन्शनचा फॉल्ट गायब झालेल्या गाड्या भरपूर आहेत.

मग दरवाजे. एखादा दरवाजा नीट लागला नसेल, किंवा लागूनही त्याचा स्विच 'उघडा' असं सांगत असेल, तर या गाड्या उंची बदलत नाहीत. मागच्या दाराचा स्विच चिखलपाण्याने असा वागतो.

आता टेप घ्या, कारण खरी तपासणी इथून सुरू होते. गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मिमीमध्ये मोजा आणि कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असेल तर आकडा चुकतो. कमानीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनने रेघ मारली की सकाळीही त्याच जागी मोजता येतं.

मगाशी म्हटलं ती फसवणूक इथे समजून घ्या. डिस्कव्हरी ३ आणि ४ सारख्या गाड्यांचा कंट्रोलर गाडी बंद असतानाही मधूनमधून जागा होतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला की गाडी तिरकी राहू नये म्हणून तो बाकीचे तीन कोपरेही खाली आणतो. म्हणजे गळते एकच बॅग, आणि दोन-तीन दिवसांनी बघावं तर सगळी गाडी जमिनीला टेकलेली. मालकाला वाटतं चारही बॅगा गेल्या. मिस्त्रीला वाटतं मोठं गिऱ्हाईक आलं.

उपाय सोपा आहे. मोजमाप झालं की गाडी बंद करा आणि सस्पेन्शनच्या कंट्रोलरचा फ्यूज काढून ठेवा. नंबर मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून इथे देत नाही. कंट्रोलर झोपला की कोपरे एकमेकांची नक्कल करत नाहीत. सकाळी गाडीला हात न लावता परत मोजा. जो कोपरा २५-३० मिमी उतरला आणि बाकीचे जागेवर आहेत, तो तुमचा चोर. फरक कळण्याइतका नसेल तर फ्यूज तसाच बाहेर ठेवून आणखी एक रात्र जाऊ द्या. फ्यूज बाहेर असताना गाडी चालवू नका, आणि परत बसवल्यावर डॅशबोर्डवर संदेश आला तर घाबरू नका, थोडं चालवल्यावर तो सहसा जातो.

याच एका रात्रीच्या मोजमापावर पुढचा सगळा खर्च ठरतो. ते न करता स्कॅनर लावणाऱ्याकडे जाऊ नका.

चहापाण्याच्या खर्चातल्या तपासण्या

कॉम्प्रेसरचा रिले. तो एक छोटा डबा आहे आणि काहीशे रुपयांत नवा मिळतो. आतले संपर्क जळून चिकटले तर गाडी बंद केल्यावरही कॉम्प्रेसर चालूच राहतो. बॅटरी उतरते, कॉम्प्रेसर जळतो आणि सगळा दोष कॉम्प्रेसरवर जातो. म्हणून गाडी बंद करून दहा मिनिटं शांत उभं राहून ऐका. घरघर थांबत नसेल तर आधी रिले उपटा. ज्या गाडीला नवा कॉम्प्रेसर बसवायचा आहे तिला नवा रिलेही बसवाच, त्यात काटकसर नको.

दुसरं, साबणाचं पाणी. भांडी घासायचा लिक्विड साबण, पाणी आणि झाडांवर फवारायची बाटली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर घमेल्यात शोधतात, तोच न्याय. पण आधी सुरक्षितता: एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली, किंवा चाक आणि कमान यांच्यामधल्या फटीत, चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात, डोकं काही घालायचं नाही. हवा सुटली तर गाडी इशारा न देता १०० मिमी खाली येऊ शकते. जॅक म्हणजे आधार नव्हे. घोडी नसेल तर हा भाग सोडून द्या.

घोडी लावली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि टॉर्च मारला की पुढची बॅग दिसते. मागच्यासाठी मी मोबाइल सेल्फी स्टिकला लावून व्हिडिओ घेतो, मान वाकडी करण्यापेक्षा ते बरं. फवारा मारायची जागा म्हणजे बॅगेची खालची घडी, जिथे रबर स्वतःवर दुमडून खालच्या नळीवर गुंडाळलेलं असतं. वाळू, चिखल आणि बारीक खडी तिथेच अडकते आणि गाडी वरखाली होताना रबर घासत राहते. जुन्या बॅगेत त्या घडीवर केसाएवढ्या आडव्या चिरा दिसतात. फवारल्यावर मोठा फुगा येत नाही. थोडं थांबलं की पांढरा बारीक फेस हळूहळू जमताना दिसतो, मोहरीच्या दाण्याएवढ्या बुडबुड्यांचा. तेवढी गळती एका रात्रीत कोपरा बसवायला पुरते.

मोठी गोम अशी की चीर घडीत असते आणि उंची बदलली की घडीची जागा बदलते. ऑफ-रोड उंचीवर उभ्या गाडीची बॅग कोरडी ठणठणीत दिसते आणि नॉर्मल उंचीवर तीच गळते. म्हणून ज्या उंचीवर गाडी बसते त्याच उंचीवर फवारा. 'आम्ही बघितलं, बॅगा ओके आहेत' असं सांगून परत आलेल्या गाड्यांत हेच झालेलं असतं. लिफ्टवर चढवली की चाकं लोंबकळतात, बॅगा पूर्ण ताणल्या जातात, घडी दुसरीकडे जाते, आणि मग काहीच सापडत नाही.

बॅग कोरडी असेल तर तिच्या डोक्यावरचा पाइपचा जोड फवारा. पाइपचं टोक वाकडं कापलेलं असेल तर तिथून हवा सुटते. हे काम पूर्वी कुणी केलं असेल तर पक्कडीने कापल्याच्या खुणा दिसतात. टोक धारदार पात्याने सरळ कापून परत बसवलं की काम होतं, पण त्याआधी सिस्टीममधली हवा स्कॅनरने सोडावी लागते. टायरमध्ये ३५ पीएसआय असतात, इथे कॉम्प्रेसर हवा भरून ठेवतो त्या टाकीत त्याच्या चौपटीहून जास्त दाब असतो. भरलेला जोड पान्याने सैल करण्याचं धाडस करू नका.

तिसरं, कॉम्प्रेसरचं हवा बाहेर टाकणारं तोंड. गाडी बंद असताना तिथे साबणाचे बुडबुडे येत असतील तर हवा बहुधा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतून परत येतेय, बॅगा निर्दोष आहेत. त्या तोंडाशी पांढरी पूड साचलेली दिसली तर ते ड्रायरमधले दाणे, तुटून पीठ झालेले.

या ड्रायरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कॉम्प्रेसर का मरतो ते इथे कळतं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, तिच्यात बाष्प असतं. ते बाष्प ड्रायरमधले दाणे शोषून घेतात. गाडी खाली करताना कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. म्हणजे ड्रायर रोजच्या रोज स्वतःला वाळवत असतो. पण बॅग गळत असेल तर हवा त्या वाटेने परत येतच नाही, भलतीकडून निघून जाते. कॉम्प्रेसर नवी दमट हवा ओढत राहतो, ड्रायर कधी वाळत नाही, दाणे फुटतात, पूड आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. जुलैतल्या कोकणात ही साखळी फार लवकर पूर्ण होते. एक बॅग वेळेवर बदलली असती तर भागलं असतं, तिथे मग कॉम्प्रेसर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक असं तिहेरी बिल येतं.

हाइट सेन्सर

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर आणि त्याला जोडणारी छोटी दांडी असते. दगडाने दांडी वाकते, सॉकेट निसटतं, कनेक्टरमध्ये पाणी जातं. डोळ्याने दिसणारी गोष्ट असेल तर स्वतः करा: दांडी सुटली असेल तर परत बसवा, कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सेन्सर बदलायचा असेल तर मात्र थांबा. नव्या सेन्सरनंतर उंचीचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर गाडी आत्मविश्वासाने तिरकी उभी राहते.

इथून पुढे स्कॅनर

बाजारातलं स्वस्त ओबीडी डोंगल इंजिनचे कोड वाचतं, सस्पेन्शनच्या कंट्रोलरपर्यंत सहसा पोहोचत नाही. त्या कंपनीच्या गाडीचा स्कॅनर असलेला माणूस शोधा आणि आपला मोजमापाचा कागद सोबत न्या. त्याला दोन गोष्टी बघायला सांगा: चारही कोपऱ्यांची प्रत्यक्ष उंची, आणि टाकी भरायला कॉम्प्रेसरला लागणारा वेळ. टाकी भरताना कॉम्प्रेसर तापून थांबत असेल तर त्याच्या पिस्टनची सील झिजली आहे. अनेक मॉडेलसाठी सीलचं किट मिळतं आणि ते बसवून जुना कॉम्प्रेसर बऱ्यापैकी चालतो, अट एकच, गळती आधी काढलेली हवी. नुसता फॉल्ट कोड पुसून गाडी हातात देत असेल तर पैसे देऊ नका.

गाडी कॉइलची असेल तर

२०२० पासूनची थार, फॉर्च्युनर, गुरखा या गाड्या कॉइलवर आहेत, तिथे काम सरळ आहे. आधी सामान उतरवा. छतावरचा रॅक, लोखंडी बंपर, विंच हे सगळं मूळ स्प्रिंगच्या हिशोबात नसतं. मग स्प्रिंगचं खालचं टोक बघा. शेवटचा वेढा स्प्रिंग टेकते त्या वाटीत चिखल साचून गंजतो आणि तिथेच तुकडा पडतो. गाडी एका बाजूला १५-२० मिमी झुकते, खड्ड्यात 'टक' असा आवाज येतो. तुटलेली स्प्रिंग टायरला लागू शकते, त्यामुळे तशी गाडी चालवत ठेवू नये.

शॉक ॲब्सॉर्बर बदलून झुकाव जात नाही. शॉक गाडीचं हेलकावणं थांबवतो, वजन स्प्रिंग उचलते. स्प्रिंग बदलाल तर त्या ॲक्सलच्या दोन्ही बदला. आणि पुढच्या स्प्रिंगसाठी स्प्रिंग दाबून धरणारा क्लॅम्प लागतो तिथे घरगुती प्रयोग नकोत, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडण्यापुरती थांबत नाही.

मग एअर काढून कॉइल टाकावी का?

कॉइलला कमी लेखायचं कारण नाही. १९७० ची पहिली रेंज रोव्हर कॉइलवरच होती आणि तिची ख्यातीच चाकांच्या लांब प्रवासाबद्दल होती. डिफेंडर १९८३ नंतर २०१६ पर्यंत कॉइलवर चालली. डिस्कव्हरी ३ सुद्धा काही देशांत कॉइलवर विकली गेली. दूरच्या प्रवासात, जिथे मदत दोन दिवसांवर आहे, तिथे मला कॉइलच आवडते.

पण जी गाडी हवेवर चालेल असं धरून बनवली, तिच्यातून हवा काढली की काय जातं ते ऐका. चढउतारासाठी खाली बसणं जातं. दगडांत वर उचलणं जातं. सात माणसं आणि मागे सामान भरल्यावर गाडी सपाट ठेवणं जातं, कारण कॉइल एकाच वजनासाठी निवडता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिस्कव्हरी ३-४ मध्ये चारही चाकं स्वतंत्र आहेत. ऑफ-रोडमध्ये डाव्या-उजव्या बॅगा व्हॉल्व्हने जोडल्या जातात. एक चाक दगडावर चढून दाबलं गेलं की तिथली हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि तिकडचं चाक खाली ढकललं जातं, जुन्या सलग ॲक्सलसारखं. कॉइल टाकल्यावर हे गुणवैशिष्ट्य संपतं आणि एक चाक हवेत लटकायला लागतं. ज्यासाठी ही गाडी घेतली, नेमकं तेच निघून जातं.

माझा हिशोब असा: एक बॅग गळतेय, बाकी ठीक आहे, तर बॅग बदला. बॅगा, ब्लॉक, कॉम्प्रेसर सगळंच गेलंय, गाडी जुनी आहे आणि तुम्ही तिला दगडांत नेत नाही, तर कॉइल किटचा विचार करायला हरकत नाही. किटसोबत कंट्रोलरला गप्प करणारं मॉड्यूल येतं का ते बघा, नाहीतर लाल दिवा जन्मभर पेटलेला राहील. बदल करण्याआधी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांवर बंधनं आहेत आणि अपघातानंतर ती आठवून उपयोग नसतो.

कुठे थांबायचं

गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर) टेकली असेल आणि उठत नसेल तर चालवून गॅरेजला नेऊ नका, गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा. कॉम्प्रेसरला हात लावल्यावर चटका बसत असेल, जळका वास येत असेल, किंवा नवा फ्यूज लगेच उडत असेल, तर रिले काढा आणि काम तिथेच बंद करा. बॅग किंवा पूर्ण स्ट्रट (बॅग आणि शॉक एकत्र) बदलणं, व्हॉल्व्ह ब्लॉक उघडणं, वायरिंग आणि कॅलिब्रेशन ही चार कामं अनुभवी माणसाचीच.

बॅग बदलून घेताना मिस्त्रीला एक विनंती जरूर करा: चाकं जमिनीला टेकवण्याआधी नवी बॅग भरून घ्यायची. रिकाम्या बॅगेवर गाडीचं वजन आलं तर घडी वेडीवाकडी पडते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी चिमटतं. काम झाल्यावर तीच फ्यूज काढायची रात्र परत करा आणि आकडे जुन्या कागदाशेजारी लिहा. ऑफ-रोडहून आल्यावर गाडी ऑफ-रोड उंचीवर ठेवून बॅगांच्या घड्या बाहेरूनच साध्या पाइपच्या पाण्याने धुवायच्या, प्रेशरचा फवारा रबराच्या अगदी जवळ धरायचा नाही.